एका मोटारीची मालकमालिका

वेदान्त्यांनी सृष्टीतील यच्चयावत् वस्तूंची नाम आणि रूप अशी फोड केली, त्या वेळी या दोहोंची ताटातूट होऊन रूप सातारा जिल्ह्यात आणि नाम पुण्याच्या सरकारी दप्तरात कायमचे वास्तव्य करील, अशी शंका त्यांच्या मनाला शिवली नसावी. हा शोध लावण्याचे श्रेय निःसंशयपणे आपल्याकडील जुन्या मोटारींच्या बाजारास दिले पाहिजे. या बाजारात मोटार ज्याच्या अंगणात उभी असते त्याचे नाव आरसी बुकात नसते, ज्याचे नाव आरसी बुकात असते त्याने ती मोटार कित्येक वर्षांत डोळ्यांनी पाहिलेली नसते, ज्या बँकेचा तिच्यावर बोजा असतो ती बँकच मुळी अस्तित्वात उरलेली नसते, आणि जो इसम किल्ली बोटाभोवती फिरवीत ‘गाडी आपलीच आहे’ असे छातीला हात लावून सांगत असतो, त्याचा तर या चराचरातील कोणत्याही कागदाशी तिळमात्र संबंध नसतो. इतकी निःसंग मालकी मोठमोठ्या योग्यांनाही साधली नसेल.

या बाजारातील प्रत्येक गाडी ‘सिंगल हँड’ असते, म्हणजे ती एकाच हाताने चालविलेली असते; आणि तो हात बहुधा डॉक्टरांचा असतो. महाराष्ट्रात आजवर जितक्या जुन्या मोटारी डॉक्टरांनी वापरलेल्या म्हणून विकल्या गेल्या, तितके डॉक्टर जर या राज्यात खरोखरच असते, तर एकाही प्राथमिक आरोग्य केंद्रातील जागा रिक्त राहिली नसती. गाडी डॉक्टरांची नसेल तर ती एखाद्या बाईंची असते, ज्या केवळ मंदिरात आणि मंडईत जात असत. ठेकेदार, पुढारी, भाड्याने गाड्या फिरविणारे आणि नुकतेच वाहन चालविण्यास शिकलेले तरुण हे लोक कोणत्या मोटारी वापरतात आणि त्या पुढे कोठे जातात, हे मात्र गूढच आहे.

आता, मालक कोण, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळण्याची सोय आपल्या कायद्यानेच करून ठेविली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९३० चा माल विक्री अधिनियम म्हणतो की, उभयतांच्या मनात वस्तूची मालकी ज्या क्षणी जावी असे असेल त्या क्षणी ती जाते. म्हणजे किंमत चुकती करून किल्ली घेतली की, टेबल काय, म्हैस काय आणि मोटार काय, तुमची झाली. १९८८ चा मोटार वाहन अधिनियम, जो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला, तो म्हणतो की, आमच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो मालक. तुमच्या मनात काय होते ते मनातच असू द्या. विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत, आणि गाडी परराज्यात जात असेल तर ४५ दिवसांच्या आत, विक्रीची खबर द्यावी आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपले नाव चढवून घ्यावे, असे त्याचे कलम ५० सांगते. हे काम काही शे रुपये फीचे आणि फॉर्म २९ व फॉर्म ३० या दोन कागदांचे आहे; परंतु ज्या समाजात वडिलोपार्जित जमिनीचा फेरफार आजोबांच्या श्राद्धापासून नातवाच्या मुंजीपर्यंत रेंगाळतो, त्या समाजाला ३० दिवस ही मुदत थट्टेची वाटली, तर त्यात नवल ते काय? विशेष म्हणजे, बेनामी व्यवहारांस मनाई करणारा अधिनियम याच संसदेने याच १९८८ साली संमत केला. एका वर्षात इतके आशावादी कायदे करणारे सभागृह विरळा.

या दोन उत्तरांपैकी खरे कोणते, हा वाद न्यायालयांत अनेक वर्षे चालला आणि त्याचा निकाल ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लावला. प्रकरण हरियाणातील एका मारुतीचे होते. मूळ मालकाने ती २००७ साली विकली, घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे, आणि हा क्रम असा चालू असता २००९ साली तिच्याखाली सापडून एक जीव गेला. त्या वेळी नोंदवहीत नाव होते ते पहिल्याच गृहस्थाचे. भरपाई मागणाऱ्या दुःखी कुटुंबाने या दाराहून त्या दाराला जात विक्रीची साखळी धुंडाळीत बसावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही, असे सांगून न्यायालयाने ती जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेविली. निर्णय न्याय्य आहे, त्याविषयी थट्टेचा शब्दही काढण्याची आमची इच्छा नाही. परंतु त्याचा अर्थ एवढाच की, गाडी विकून पैसे घेतले, त्या पैशांतून मुलीचे लग्न लावले, नातवंडेही झाली, तरी नाव उतरविले नसेल तर त्या गाडीच्या चाकांशी तुमचे भवितव्य बांधलेले आहे. आणि ती चाके या घटकेस कोणाच्या पायाखालच्या ब्रेकने थांबतात किंवा थांबत नाहीत, हे तुम्हांस ठाऊक नाही.

आमचे एक स्नेही साताऱ्यास असतात. संस्कृताचे अध्यापन करण्यात हयात घालविलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर एक लहानशी मोटार घ्यावी या विचारास आले आणि एका दलालाच्या आवारात एमएच-१२ क्रमांकाची, दिसावयास नीटनेटकी अशी एक मोटार त्यांनी पसंत केली. ती अर्थातच डॉक्टरांची होती. आणि येथे एक आश्चर्य नमूद केले पाहिजे, ते हे की, ती खरोखरच डॉक्टरांची होती. दलालाने या अपूर्व सत्यवचनाचे मोल पुढे पुरेपूर वसूल केले.

“सर, कागदांचं टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला. “नावावर करून द्यायचं काम आपलं. महिन्याभरात आरसी पोस्टानं घरी.”

“मूळ मालकांची भेट होईल काय?” आमच्या स्नेह्यांनी विचारले.

“ते बाहेर असतात, सर. पण सह्या करून ठेवल्यात त्यांनी.”

सह्या होत्या, यात संशय नाही. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० या दोहोंवर, अन्य सर्व रकाने कोरे ठेवून, डॉक्टरांनी आपल्या धंद्यास साजेशा हस्ताक्षरात सह्या केलेल्या होत्या. विकत घेणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, किंमत नाही. हे कोरे फॉर्म म्हणजे या बाजारातील खरे चलन. डॉक्टरांनी गाडी हडपसरच्या एका विक्रेत्यास दिली तेव्हा ते गाडीबरोबर गेले. विक्रेत्याने ती बारामतीच्या एका ठेकेदाराच्या गळ्यात मारली तेव्हा ते तिकडे गेले. ठेकेदाराने उसनवारी फेडण्यासाठी ती फलटणच्या आपल्या मेव्हण्यास दिली आणि मेव्हण्याने दलालास विकली, तेव्हा त्याच फॉर्मांचा प्रवास चालू राहिला. मधल्या एकाही मालकाने त्यांवर आपले नाव लिहिले नाही. कारण नाव लिहिले की फॉर्म संपतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा डॉक्टरांचे दार ठोठवावे लागते. इतक्या मालकांनी उपभोगूनही कागदोपत्री ही मोटार ‘सिंगल हँड’ होती ती याच कारणाने, आणि दलाल खोटे बोलत नव्हता, ही गोष्ट त्याच्या चरित्रकाराने अवश्य ध्यानात घ्यावी.

पैसे दिल्यानंतर आमच्या स्नेह्यांना कोणी तरी सुचविले की, सरकारच्या मोबाइल ॲपवर गाडीचा क्रमांक घातला असता मालकाचे नाव दिसते. त्यांनी क्रमांक घातला आणि नाव दिसले. परंतु खासगीपणाच्या रक्षणार्थ सरकारने त्यातील बहुतेक अक्षरांच्या जागी तारका बसविलेल्या असल्यामुळे, एक अक्षर, तीन तारका, पुन्हा एक अक्षर, असे ते स्वरूप होते. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. आमचे स्नेही मात्र खुलले. ज्या पुण्यात १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून भांडारकर संस्थेच्या विद्वानांनी शेकडो पोथ्यांतून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्याच पुण्यातील एका आडनावाची गळालेली अक्षरे भरून काढणे त्यांना कठीण वाटले नाही. कोऱ्या फॉर्मांवरील सही, काचेवरील एका इस्पितळाच्या वाहनतळाचा जीर्ण बिल्ला आणि दलालाच्या मुखातून ओघाने निसटलेले उल्लेख ताडून पाहून त्यांनी पाठनिश्चिती केली आणि ते कोथरूडला डॉक्टरांच्या घरी जाऊन पोहोचले. तेथे त्यांना कळले की, डॉक्टर बाहेर असतात हे दलालाचे विधानही खरेच होते. ते इहलोकाच्याच बाहेर गेले होते, आणि त्यास बराच काळ लोटला होता.

मृत मालकाच्या वाहनाचे काय करावे, हे नियमांत स्पष्ट आहे: वारसाने मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत कळवावे, तीन महिन्यांपर्यंत वाहन वापरावे आणि त्याच अवधीत फॉर्म ३१ भरून ते आपल्या नावे करून घ्यावे. परंतु ज्या वाहनाचा वारसांना पत्ताच नाही, ते त्यांनी कसे वापरावे आणि कसे कळवावे? शिवाय आता हस्तांतर घरबसल्या होण्याची सोय झालेली आहे, म्हणजे विकणाऱ्याच्या आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर ओटीपी येतो आणि तो सांगितला की कोणत्याही कारकुनाचे मुख न पाहता काम होते. डॉक्टरांचा तो भ्रमणध्वनी क्रमांक बंद झाला होता; आणि ओटीपी नावाचा जो सहा अंकी मंत्र परलोकी पाठवावयाचा, त्याची वैधता काही मिनिटांचीच असते.

कोरे फॉर्म होतेच. “सर, तारीख मागची टाकू,” हा दलालाचा तोडगा. डॉक्टर हयात असतानाची एखादी तारीख घातली की सही जिवंत होते, असा त्याचा युक्तिवाद होता. आमच्या स्नेह्यांनी त्यास नकार दिला. आयुष्यभर मुलांना क्तान्त आणि शतृप्रत्ययान्त यांतला भेद शिकविल्यामुळे असेल, पण भूतकाळात ढवळाढवळ करणे त्यांना रुचले नाही. कायद्याच्या भाषेत त्या गोष्टीला बनावट दस्तऐवज म्हणतात, ही माहिती त्यांना नंतर एका वकिलांनी दिली आणि तिची फीही घेतली.

डॉक्टरांच्या पत्नी सज्जन होत्या. त्यांनी चहा दिला आणि ‘गाडी ह्यांनी तेव्हाच काढून टाकली होती’ एवढे सांगितले. परंतु वारस तीन. चिरंजीव अमेरिकेत, त्यांनी दूरध्वनीवरून प्रतिज्ञापत्र पाठविण्याचे आश्वासन दिले आणि नंतर तेथील सुट्ट्या सुरू झाल्या. कन्या ठाण्यास, तिचे यजमान व्यवहारी. त्यांनी आरसीची प्रत उलटसुलट पाहून अत्यंत तर्कशुद्ध प्रश्न केला की, गाडी जर अद्याप सासऱ्यांच्या नावे आहे, तर ती सासऱ्यांचीच आहे. आणि सासऱ्यांची आहे तर तिचा एक हिस्सा आमचा आहे. मग तो हिस्सा तुम्ही कोणत्या हक्काने साताऱ्यास चालविता? ज्या मोटारीची आठवणही या कुटुंबास राहिली नव्हती, तिच्या ठायी एकाएकी पितृस्मृतीचा गहिवर उत्पन्न झाला. स्थावर मिळकतीवरून भावंडांत दिवाणी दावे चालतात हे आम्ही पाहिले आहे; परंतु जंगम मिळकतीने, ती जंगम असूनही, इतक्या वर्षांनी आपल्या मूळ घरी वारसाहक्काचा प्रश्न घेऊन परतावे, हे दृश्य नवे होते.

एवढ्यात आरसीच्या मागील बाजूचा ‘एचपी’ हा मजकूर निदर्शनास आला. डॉक्टरांनी गाडी कर्जाऊ घेतली होती आणि ते कर्ज शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलेही होते. मात्र फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन बोजा उतरविण्याचे राहून गेले होते. कलम ५१ प्रमाणे वित्त देणाऱ्याच्या लेखी संमतीवाचून मालकीच्या बदलाची नोंद होत नाही. १ एप्रिल २०१९ आणि १ एप्रिल २०२० या दोन दिवसांत देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्र, अलाहाबाद अशा कितीतरी सरकारी बँका दुसऱ्या मोठ्या बँकांत विलीन झाल्या (तारीख दोन्ही वेळा एप्रिलची पहिलीच होती, यात कोणी अर्थ शोधू नये). पाट्या उतरल्या, परंतु आरसी बुकांवर त्यांची नावे अद्याप तशीच नांदत आहेत. आमच्या स्नेह्यांच्या गाडीवरील बँकही अशीच दुसरीत विलीन झालेली. नव्या बँकेच्या शाखेत गेले असता तेथील अधिकाऱ्याने अत्यंत सौजन्याने सांगितले की, जुनी खाती या संगणकावर दिसत नाहीत, परंतु काम अवघड नाही. खातेदाराने केवळ ओळखपत्र घेऊन समक्ष यावे.

मधल्या काळात विमा संपत आला, म्हणून ते विमा प्रतिनिधीस भेटले. येथील तत्त्वज्ञान आणखी सूक्ष्म आहे. कलम १५७ प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की विमाही घेणाऱ्याकडे गेला असे मानले जाते आणि घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. परंतु हे मानणे तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरतेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेविले आहे. अर्थात, तुमच्या गाडीने दुसऱ्यास इजा केली तर विमा जागा असतो. तुमच्याच गाडीवर वडाची फांदी पडली तर कंपनी विचारते, ‘आपण कोण?’ विमापत्र ज्याच्या नावे त्याचे या गाडीत हित उरलेले नाही, आणि ज्याचे हित आहे त्याच्याशी कंपनीचा करार नाही.

स्नेह्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना आणखी भय घातले. अपघातात चक्काचूर झालेल्या मोटारी काही लोक केवळ कागदपत्रांसाठी विकत घेतात, त्याच बनावटीची आणि रंगाची दुसरी मोटार चोरून आणतात आणि तिच्या चेसिसवर मृत मोटारीचा क्रमांक उमटवितात. आत्मा एकाचा आणि देह दुसऱ्याचा असा हा परकायाप्रवेश सिद्ध योग्यांच्या कथांत शोभतो, मोटारींच्या बाबतीत त्याची परिणती पंचनाम्यात होते आणि गाडी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात गवतात उभी राहते. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक त्यास देता येत नाही, हे १९३० च्या कायद्याचे साधे सूत्र येथे लागू होते. चोराकडे हक्क शून्य, म्हणून तुमच्याकडेही शून्य, आणि मधल्या चौघांनी दिलेल्या पैशांची बेरीजही तीच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या व्यवस्थेत चोरीच्या वाहनांची नोंद पडताळून पाहता येते. पैसे देण्यापूर्वी ती पाहावी अशी अपेक्षा असते, परंतु गाडीचा रंग मनात भरल्यावर कोणता मनुष्य गुन्ह्यांची नोंद पाहावयास बसतो? आमचे स्नेही एका सकाळी पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन गाडीखाली शिरले आणि ताम्रपटाचा ठसा घ्यावा तितक्या निष्ठेने त्यांनी चेसिस क्रमांकाचा ठसा उतरविला. अंक जुळले. या सबंध प्रकरणात जुळलेली तेवढी एकच गोष्ट.

जे लोक गाडी विकतात पण नाव उतरवीत नाहीत, त्यांचाही विचार करावा. त्यांच्या खात्यातील फास्टॅग गाडीच्या काचेवर तसाच चिकटलेला असेल, तर रात्री साडेबाराला त्यांना संदेश येतो की, आपण खेड-शिवापूरचा नाका ओलांडला आणि रक्कम वजा झाली. तासाभराने कळते की, आपण आणेवाडीही ओलांडली. पलंगावर पडल्या पडल्या एवढा प्रवास घडणे हे भाग्य खरे. परंतु पुढे वेगमर्यादेच्या उल्लंघनाचे ई-चलन त्यांच्याच नावे येते आणि चालक कोण होता हे सांगण्याचे कर्तव्य कायदा मालकावर टाकतो. चालक कोण, हे त्या बिचाऱ्यास ठाऊक असते तर त्याने त्याच्याकडून टोलचे पैसे नसते का मागितले?

सरकार झोपलेले आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून (पुन्हा तीच तारीख!) जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृततेची पद्धत सुरू झाली: विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून प्रमाणपत्र घ्यावे, मालकाने गाडी त्याच्या स्वाधीन केल्याची सूचना द्यावी, आणि तेव्हापासून ती विकली जाईपर्यंत विक्रेत्यास त्या गाडीचा ‘मानीव मालक’ समजावे. योजना उत्तम आहे. तिच्यात उणीव काढावयाची तर इतकीच की, ती अधिकृत विक्रेत्यांना लागू होते. आणि ज्याच्या शर्टाच्या खिशात चार गाड्यांच्या किल्ल्या आणि आठ कोरे फॉर्म आहेत, त्याचे कार्यालय चहाच्या टपरीवर असते. दिसत नसलेल्या मालकांच्या मालिकेत कायद्याने आणखी एका मालकाची भर घातली, हे मात्र निर्विवाद.

शेतजमीन घेताना शहाणा मनुष्य वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. मोटारीसाठी ही प्रथा कोणी पाडली नाही, म्हणून आमच्या स्नेह्यांच्या विनंतीवरून आम्हीच मसुदा करून दिला आहे, तो येथे छापतो. वाचकांपैकी ज्यांचा संबंध असेल त्यांनी दखल घ्यावी.

‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, पांढऱ्या रंगाची, एमएच-१२ क्रमांकाची व डॉक्टरांनी वापरलेली एक मोटार आमच्या अशिलांनी पूर्ण मोबदला देऊन खरेदी केली असून ती त्यांच्या प्रत्यक्ष कब्जात व वहिवाटीत आहे. सदर मोटारीवर कोणाही इसमाचा, वारसाचा, मेव्हण्याचा, विलीन झालेल्या अथवा विलीन होऊ घातलेल्या बँकेचा गहाण, दान, बोजा, पोटगी अथवा मानीव मालकीचा हक्क असल्यास त्याने ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवसांच्या आत अस्सल कागदपत्रांनिशी लेखी हरकत घ्यावी. हरकत घेणाऱ्याने येताना प्रलंबित ई-चलने, गेल्या वर्षाचा विम्याचा हप्ता व दोन मागील टायर यांची रक्कम सोबत आणावी, म्हणजे मोटार विनातक्रार त्याच्या ताब्यात देण्यात येईल. येणेप्रमाणे जाहीर नोटीस दिली असे.’